कव्हराची मागची बाजू

मराठीत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोलायची रीत जुनी आहे. दीनानाथ दलालांचे रंग, रघुवीर मुळगावकरांच्या तुकतुकीत देवता, बाळ ठाकुरांची रेषा, नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं, यांवर लेख आहेत, प्रदर्शनं झाली आहेत, घरोघरी वादही झाले आहेत. पण घरातल्या एखाद्या मराठी कॅसेटचं कव्हर कोणी केलं, असं विचारून पाहा. गायक सांगता येईल, संगीतकार सांगता येईल, कंपनीही आठवेल. चित्रकाराचं नाव कव्हरावरच नसतं, मग आठवणार कुठून? गाणं हाच मराठी माणसाचा विसावा, असं आपण ऊठसूट म्हणतो. त्या गाण्याच्या अंगावरच्या कपड्यांचा विचार मात्र कोणी फारसा केलेला नाही.

तो शीळफाट्यावर उभं राहून करावा, असं मला वाटतं. त्याला कारण आहे. मुंब्र्याकडून येणारा, कल्याण-डोंबिवलीकडून येणारा, महापेहून चढून येणारा आणि तळोजा-पनवेलकडे जाणारा, असे रस्ते इथे एकमेकांत घुसतात. रस्त्यांबरोबर गिऱ्हाईकही येतं. देसाई, पडले, खिडकाळी, दहिसर या गावांतला आगरी समाज, मुंब्र्याची मुस्लिम वस्ती, कल्याण पट्ट्यातले आंबेडकरी मोहल्ले, देशभरातून आलेले ट्रकवाले आणि अलीकडे पलावाच्या उंच इमारतींत राहायला आलेली नोकरदार मंडळी, सगळी याच सिग्नलला अडकतात. नाक्यावर कॅसेटची टपरी असायची, त्या काळात या सगळ्यांची गाणी एकाच लाकडी फळीवर शेजारी शेजारी लागत. संगीताचं आवरण कोणाशी बोलतं आणि कसं बोलतं, हे कळायला पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांपेक्षा ती फळी जास्त उपयोगाची.

सुरुवातीला आवरण असं काही नव्हतंच. १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज भरला. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला हिंदुस्थानी गाणं कुठलं कळायला? म्हणून गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायची आणि ते ऐकून तिकडे लेबल लिहिलं जायचं. म्हणजे लेबलाचा मजकूर आधी गळ्यातून निघाला आणि मग कागदावर गेला. पुढे तबकड्या देशातच छापल्या जाऊ लागल्या, तरी ७८ फेऱ्यांच्या तबकडीला मिळायची ती मधोमध गोल भोक पाडलेली खाकी पिशवी. भोकातून लेबल दिसलं की झालं. पिशवीवर कंपनीची नाहीतर दुकानदाराची जाहिरात. गाणं नाट्यसंगीताचं असो, भजन असो की शाहिरी, कपडा एकच.

तरी त्या इवल्याशा लेबलावर समाज पुरता छापलेला असे. गायिकेच्या नावाआधी ‘मिस’ की नावानंतर ‘बाई’, यावरून ऐकणारा बरंच काही ताडायचा. पांढरपेशा घरातला माणूस गायला असेल, तर नावापुढे तो हौशी असल्याचा खुलासा छापला जाई, पोटासाठी गातो असं कोणी समजू नये म्हणून. आणि वर एचएमव्हीचा तो भोंग्यात कान लावून बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात तो फोनोग्राफपुढे बसला होता. कंपनीने चित्र घेताना यंत्र बदलून मागितलं आणि बॅरोने त्यावरच ग्रामोफोन रंगवून दिला. म्हणजे संगीत व्यवसायातलं सगळ्यात गाजलेलं हे चित्र मालकाच्या सूचनेवरून दुरुस्त केलेलं आहे. आवरणाच्या कलेबद्दल बोलताना हे ध्यानात असलेलं बरं.

आवरणावर चित्र काढायची कल्पना अॅलेक्स स्टाइनवाइस या अमेरिकन तरुणाची. कोलंबिया कंपनीसाठी १९४० च्या सुमारास त्याने तबकड्यांच्या खोक्यावर चित्र काढलं आणि खप वाढला. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि बारा इंचांचा चौकोन चित्रकारांच्या हाती पडला. पुढची गोष्ट जगजाहीर आहे. वॉरहॉलचं केळं, बीटल्सची ती गर्दी, पिंक फ्लॉइडचा लोलक. रोलिंग स्टोन्सनी १९७१ मध्ये कव्हरावर खरीखुरी चेन लावली, तिचा दाब पडून आतल्या तबकड्या खराब होऊ लागल्या. कव्हराने किती मिरवावं याला मर्यादा असते.

आपल्याकडे मराठी भावगीत वाढलं ते मुख्यतः छोट्या, सात इंची ईपीवर. चार गाण्यांचा मामला. पुढे गायिकेचा फोटो, मागे गाण्यांची यादी, आणि गंमत म्हणजे मराठी गाण्यांची ही यादी बहुतेक वेळा रोमन लिपीत. तबकडी दमदमच्या कारखान्यातून देशभर जायची, दुकानदाराला वाचता यायला हवी, हे मान्य. पण त्यामुळे मराठी कवीचं नाव मराठी अक्षरांत पाहायचं भाग्य त्याच्याच चाहत्यांना लाभत नसे. ‘गीतरामायणा’ची गोष्ट वेगळी. पुणे आकाशवाणीवरच्या त्या छप्पन्न गीतांचे शब्द केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ मध्येच पुस्तकरूपाने काढले होते. गाणं ऐकावं आणि शब्द हातात धरावेत, ही भूक लोकांना होती. आवरणाने ती भागवली नाही, पुस्तिकेने भागवली.

या सगळ्यात एक मराठी माणूस महत्त्वाचा आहे. जी. एन. जोशी. नागपूरकडचे वकील, मग भावगीत गायक आणि नंतर एचएमव्हीत ध्वनिमुद्रण करून घेणारे अधिकारी. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्या देखरेखीखाली झाला. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून मांडला. आता नुसत्या वाजवण्यातून मेंढपाळ कसा दिसणार? तो दिसतो पाठीवरच्या मजकुरामुळे. पहाटेचा राग कोणता, संध्याकाळचा कोणता, कथेत कुठे काय घडतं, हे वाचून ऐकलं की तीन वाद्यं गोष्ट सांगायला लागतात. त्याच वर्षी बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’च्या पाठीवर गाण्यांचे सगळे शब्द छापले. दुनिया पुढच्या बाजूवरच्या चित्राबद्दल बोलत राहिली. माझ्या लेखी त्या वर्षीची खरी कमाई मागच्या बाजूची आहे.

हे म्हणणं जरा ताणूनच धरायचं आहे, कारण कॅसेट आली तेव्हा मागची बाजूच आधी आकसली. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही डबी आपल्याकडे घरोघरी पोचली ऐंशीच्या दशकात. टी-सीरिज १९८३ मधली, आणि तिच्या आगेमागे व्हीनससारख्या कंपन्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने या लाटेवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा भर उत्तर भारतावर आहे, पण एक गोष्ट इकडेही तशीच्या तशी लागू पडते. तबकडी काढायला मोठी कंपनी लागायची, कॅसेट काढायला तालुक्याच्या गावातला दुकानदारही पुरे. म्हणून जे समाज एचएमव्हीच्या दारात कधी पोचले नसते, ते कॅसेटवर आले. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकरांची ‘कोळीगीते’ ही लता मंगेशकरांच्या आवाजात दिवाणखान्यात पोचली होती. आता कोळी आणि आगरी मंडळी स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या फोटोसकट आली.

कॅसेटच्या कव्हराचा दर्शनी भाग साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर, म्हणजे लाँग प्लेच्या कव्हराचा पंधरावा हिस्सा. त्याला जोडून सव्वा सेंटिमीटरचा कणा आणि मागे दुमडलेली छोटी पट्टी. इतक्या जागेत काय काय मावतं, ते पाहायला हळदीच्या गाण्यांचं ठरावीक कव्हर घ्या. उजव्या कोपऱ्यात कार्ल्याची एकवीरा आई, कारण तिच्यावाचून आगरी-कोळ्यांचं शुभकार्य सुरू होत नाही. मधोमध मुंडावळ्या बांधलेली नवरी, कुठल्या तरी लग्नाच्या अल्बममधून कापून घेतलेली, कडा धुरकट केलेल्या. खाली लंबगोलांत गायक-गायिका, केस नीट भांग पाडून. नाव लाल अक्षरांत, त्याला पांढरी किनार, किनारीला काळी सावली. हाताने अक्षरं काढणारा पेंटर आणि ट्रकच्या पाठीवर लिहिणारा पेंटर यांचं घराणं एकच, हे त्या सावलीवरून कळतं. चार रंगांच्या छपाईत एक प्लेट केसभर सरकलेली असते, म्हणून लाल किनार पिवळ्यावर चढून नवरीच्या गालाला दुहेरी रेघ येते. हे ओबडधोबड आहे, यात वाद नाही. पण वाईट नाही. रात्री ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्डवरच्या ढिगातून चालकाला हवी ती कॅसेट एका हाताने शोधायची असते, आणि टपरीवरचं गिऱ्हाईक पाच हातांवरून बोट दाखवतं. सौम्य रंगांचं, बारीक अक्षरांचं कव्हर इथे कोणाला दिसलंच नसतं.

रंगांची तर इथे बाराखडीच होती. हळदीच्या गाण्यांना पिवळा, लावणी-लोकनाट्याला लाल, कव्वाली आणि नातला हिरवा. हाजी मलंगचा डोंगर कल्याण-शीळ रस्त्यावरून दिसतो, तसा कव्वालीच्या कव्हरावरही मागे दिसायचा. भीमगीतांना निळा, त्यावर बाबासाहेब, मागे चैत्यभूमी नाहीतर दीक्षाभूमी. वाचता न येणाऱ्यालाही दुरून आपली कॅसेट ओळखू यावी अशी ही सोय. प्रल्हाद शिंद्यांसारखा गायक घेतला की ही रंगभाषा फार छान उलगडते. एकच माणूस, तोच भरदार आवाज. विठ्ठलाच्या गाण्यांच्या कव्हरावर तो भगव्या-पिवळ्या पार्श्वभूमीवर येतो आणि भीमगीतांवर निळ्या. गायकाला दोन्ही आपलीच. कव्हराला मात्र गिऱ्हाइकं वेगळी करावी लागतात, कारण एक माल आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर खपायचा, दुसरा सहा डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपुरात. आनंद-मिलिंद शिंद्यांच्या काळात फडकत्या चालींची गाणी आली, तेव्हा कव्हरावर भडक गुलाबी आणि व्यंगचित्रंही आली. त्यावर तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. गाण्यावर मुरडली की कव्हरावर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुण्याकडची तऱ्हा वेगळी. अलूरकरांनी काढलेल्या पु. लं.च्या, मिरासदारांच्या कथाकथनाच्या कॅसेटी किंवा भावगीतांच्या, शास्त्रीय गायनाच्या मालिका पाहा. मोकळी जागा, एखादा फोटो, सरळ अक्षरं. त्या कव्हरांना पुस्तकांच्या कपाटात उभं राहायचं होतं, म्हणून त्यांचा कणा नीट वाचता येतो. आगरी कॅसेटचा कणा बहुधा नुसता रंगाचा पट्टा असे, कारण तिला कपाट मिळणारच नव्हतं. यातलं एक सुसंस्कृत आणि दुसरं गावंढळ, अशी वाटणी मला मान्य नाही. दोन्हींनी आपापलं दुकान बरोबर ओळखलं होतं.

आता कायद्याची गोष्ट, कारण या छोट्या कागदावरचा सगळ्यात भरवशाचा मजकूर कायद्याने लिहून घेतलेला आहे. कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये ५२ (अ) हे कलम आलं. ध्वनिमुद्रण कोणी केलं त्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाकडे त्याचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचं वर्ष, हे तबकडीवर, कॅसेटवर आणि तिच्या आवरणावर छापणं बंधनकारक झालं. हे कलम बनावट मालाला आळा घालायला आलं. त्याचा खरा फायदा इतिहासाला झाला. कुठल्या गल्लीतल्या कुठल्या दुकानाने कधी काय काढलं, हे आज कळतं ते त्या दोन-तीन बारीक ओळींमुळे.

दुसरी गोष्ट ‘व्हर्शन’ गाण्यांची. जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घ्यायची आणि कव्हरावर असा काही थाट करायचा की गिऱ्हाइकाला मूळच वाटावं. नायक-नायिकेचा फोटो मोठा, चित्रपटाचं नाव मोठं, आणि खऱ्या गायकाचं नाव मुंगीच्या पावलांनी तळाशी. १९९४ च्या दुरुस्तीने आवरण आणि लेबल फसवं नसावं, असं स्पष्ट बजावलं. २०१२ मध्ये ३१ (क) कलम आलं, त्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र कव्हरावर येता कामा नये आणि हे नव्याने गायलेलं आहे असं कव्हरावर लिहिलं पाहिजे. कायदा इतका नेमका झाला तोवर कव्हर नावाची वस्तूच नाक्यावरून उठून गेली होती. आपल्याकडे हे असंच चालतं.

पण एक गोष्ट कोणत्याच कलमाने मागितली नाही, आणि रिवाजानेही नाही. चित्रकाराचं नाव. ढोलकी कोणी वाजवली, बेंजो कोणाचा, कोरसमध्ये कोण, हेही नाही. ‘आणि मंडळी’, ‘आणि साथी’ म्हणून विषय संपवलेला. आगरी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारिणींचं तर सगळ्यात वाईट झालं. विधी त्यांच्या गळ्यावर चालतात, चालीही त्यांच्याच, शब्दही त्यांचेच. कॅसेटवर गीतकार म्हणून भलत्याचंच नाव आणि धवल्यापुढे ‘पारंपरिक’. कव्हरावर नवरी आहे, देवी आहे, निर्मात्याचा फोटोसुद्धा आहे. धवलारीण नाही.

नव्वदीच्या उत्तरार्धात संगणक आला. कोरलड्रॉ, श्रीलिपी, आकृती. पेंटरची अक्षरं गेली आणि तीच लाल-पांढरी-काळी सावली एका बटणावर मिळू लागली. सीडीचा चौकोन बारा सेंटिमीटरचा, आत पुस्तिका घालायची सोय, म्हणून मोठ्या कंपन्यांनी काही काळ श्रेयनामावल्या नीट छापल्या. मराठी कवींची, वादकांची नावं देवनागरीत सलग वाचायला मिळाली ती याच दहा-बारा वर्षांत. तो काळ पटकन सरला. मागून एमपीथ्री सीडी आली, तिच्यात शंभराहून जास्त गाणी आणि कव्हर म्हणजे नुसती यादी. यादीही अपुरी. मग आलं मेमरी कार्ड. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लावलेली मोबाईलची दुकानं शीळ-मुंब्रा पट्ट्यात कितीतरी होती. कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं. त्याच्यावर काय छापणार? दुकानदार वहीत पेनने लिहून ठेवायचा, ‘हळद’, ‘डीजे’, ‘कव्वाली’, ‘जुनी’. संगीताच्या आवरणाची इतकी प्रामाणिक वर्गवारी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता फोन. यूट्यूबवर गाण्याचं तोंड आडवं असतं, १२८० बाय ७२० ठिपक्यांचं, आणि हातात येईपर्यंत ते टपाल तिकिटाएवढं होतं. नाक्यावरचा फ्लेक्स आणि हे चित्र एकाच ढंगाचं आहे. तेच चमकते पिवळे ठसे, कापून चिकटवलेले चेहरे, कोपऱ्यात निर्मात्याचा फोटो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक आणि आगरी गाण्याचं पोस्टर यांत काही वेळा फरक कळत नाही. पण पूर्वीच्या कॅसेटपेक्षा एक गोष्ट बरी झाली आहे. खालच्या वर्णनात जागा अमर्याद आहे आणि नवी पोरं तिथे सगळ्यांची नावं टाकतात. कॅमेरा कोणाचा, संकलन कोणाचं, पोस्टर कोणी केलं, मेकअप कोणाचा, इतकंच काय, लोकेशनसाठी अंगण देणाऱ्या काकांचे आभारसुद्धा. पोस्टर करणाऱ्याला श्रेय द्यायची ही पद्धत मोठ्या कंपन्यांनी घातली नाही. ती दिवा, देसाई, भोपरच्या पोरांनी घातली. याउलट गाण्यांच्या मोठ्या ॲपवर जुनी मराठी गाणी ऐकायला जा. चौकोनी चित्र असतं, तेही अनेकदा मूळ कव्हर टाकून नव्याने केलेलं, आणि कवीचं नाव शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. सारेगामाने २०१७ पासून विकलेला कारवां हा गाणी भरलेला खोका जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसतो. मराठी कारवांही निघाला. तिथे तर आवरण हाच माल आहे, माणूस गाण्यांच्या आधी ती आकृती विकत घेतो. त्याबरोबर गाण्यांची छापील यादी देतात, हे मात्र शहाणपणाचं.

आणि डीजे. हळदीच्या रात्री वाजणाऱ्या रिमिक्समध्ये दर दीड-दोन मिनिटांनी एक घुमणारा आवाज डीजेचं नाव पुकारतो, कधी गावासकट. ऐकणाऱ्यांना त्याचा वैताग येतो. पण फाइल एका फोनमधून दुसऱ्यात जाते तेव्हा तिच्याबरोबर कव्हर जात नाही, नाव बदललं जातं, चित्र गळून पडतं. जे गळणार नाही, अशा एकाच जागी त्याने आपली सही केलेली आहे, गाण्याच्या आत. हॅनोव्हरच्या कारागिरासाठी गौहर जानने केलं तेच हे.

जुन्या तबकड्यांचं बरं चाललं आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून मुंबईतून काम करते आणि सुरेश चांदवणकरांसारख्यांनी लेबलंसुद्धा अभ्यासाचा विषय केली. कॅसेटला असा वाली नाही. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. नाक्यांवरच्या टपऱ्या कधी बंद झाल्या, याची बातमी झाली नाही. शीळ-डायघरच्या भंगाराच्या गोदामांत कॅसेट आली की डबी प्लास्टिकच्या ढिगात जाते, फीत टाकून दिली जाते आणि कव्हर रद्दीत. वजनाला त्याची किंमत शून्य.

हौशी लोक जुन्या मराठी कॅसेटी हल्ली ऑनलाइन विकतात, तिथे रेट बरा मिळतो. विकणारा फोटो टाकतो तो पुढच्या बाजूचा, देवी आणि नवरीचा. दुमडलेली पट्टी उघडून आतली बाजू दाखवा असा निरोप पाठवला तर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कॅसेट चालू आहे, आत काय बघायचंय?